पद्धती विभागातली ती एक ओळ: सी-अ‍ॅनिमोन टाकीत जगतो कसा?



प्रवाळ किंवा सी-अ‍ॅनिमोनवरचा कुठलाही शोधनिबंध उघडा आणि थेट पद्धती विभागात जा. तिथे साधारण अशी एक ओळ सापडेल: प्राणी कृत्रिम समुद्रपाण्यात, २५ अंश सेल्सिअसला, १२ तास उजेड आणि १२ तास अंधार अशा चक्रात ठेवले. झालं. पुढच्या वाक्यात लेखक आरएनएकडे वळतो आणि वाचणारे आपणही वळतो. पण पीएचडीच्या पहिल्या वर्षात बरेच प्रकल्प अडतात ते याच ओळीवर. प्राणी जगलाच नाही तर आरएनए कुणाचा काढणार?

त्यामुळे आज फक्त त्या ओळीबद्दल बोलू. उदाहरण म्हणून घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला सी-अ‍ॅनिमोन घेते. मराठी पुस्तकांत त्याला समुद्रपुष्प किंवा समुद्रफूल म्हणतात, पण टाकीवाल्यांच्या आणि प्रयोगशाळेच्या बोलण्यात अ‍ॅनिमोनच चालतो, म्हणून मीही तेच वापरते. मत्स्यालयाच्या दुकानांत सगळ्यात जास्त दिसणारी जात म्हणजे बबल-टिप अ‍ॅनिमोन, शास्त्रीय नाव एन्टॅक्मिया क्वाड्रिकलर. स्पर्शिकांच्या टोकांना फुगे आल्यासारखा दिसतो तो. पुढे नुसतं 'अ‍ॅनिमोन' म्हटलं की हाच समजा.

आधी प्राणी समजून घ्या

अ‍ॅनिमोनचं शरीर म्हणजे पेशींचे दोन थर आणि मध्ये जेलीसारखा पदार्थ. रक्त नाही, मूत्रपिंड नाही, कल्ले नाहीत. तोंड आणि गुदद्वार एकच. हाडंही नाहीत, तो ताठ उभा राहतो तो पोटात भरून घेतलेल्या पाण्याच्या दाबावर. आता हे वाक्य परत वाचा: तो ज्या पाण्यात आहे, तेच पाणी त्याच्या आत आहे. माशाच्या टाकीत क्षारता थोडी हलली तर मासा मूत्रपिंड आणि कल्ल्यांच्या जोरावर काही काळ आतला समतोल धरून ठेवतो. अ‍ॅनिमोनकडे ती सोय नाही. बाहेर जे होतं ते थेट त्याच्या पेशींना होतं. म्हणून टाकीवाले 'पाणी स्थिर ठेवा' असं सारखं सांगत असतात. त्यामागे अंधश्रद्धा नाही, शरीररचना आहे.

दुसरी गोष्ट, तो एकटा नसतो. त्याच्या आतल्या थराच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचे एकपेशीय शैवाल राहतात. ते प्रकाशसंश्लेषण करतात आणि तयार झालेल्या शर्करेचा मोठा हिस्सा यजमानाला देतात. बदल्यात त्यांना नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि राहायला सुरक्षित जागा मिळते. म्हणजे टाकीत तुम्ही एक प्राणी आणि त्याच्या आतली एक शेती अशा दोन गोष्टी सांभाळताय. पाणी बिघडलं तर प्राणी आजारी पडतो, उजेड बिघडला तर शेती. उष्णता आणि प्रखर प्रकाश एकत्र आले तर शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, पेशींना घातक असे ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू तयार होतात आणि शैवाल बाहेर टाकला जातो किंवा मरतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. समुद्रातल्या प्रवाळांचं जे होतं तेच, फक्त इथे ते तुमच्या हॉलमध्ये होतं.

म्हणून दुकानात पांढराशुभ्र अ‍ॅनिमोन दिसला तर 'काय सुंदर' म्हणून घेऊ नका. तो बहुतेक वेळा उपाशी असतो. पिवळाधमक किंवा अनैसर्गिक गुलाबी दिसला तर आणखी सावध व्हा, कारण ब्लीच झालेले अ‍ॅनिमोन रंगवून विकण्याचा प्रकार या धंद्यात आहे.

पाणी: आकडे आणि आकड्यांमागचं कारण

आकडे सगळीकडे मिळतात, म्हणून पटकन सांगते. क्षारता ३५ ग्रॅम प्रति किलो (सापेक्ष घनतेत १.०२५ ते १.०२६), तापमान २४ ते २७ अंश, पीएच ८.१ ते ८.४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट कमी. पाणी आरओ-डीआय गाळणीतलं. नळाचं नको, कारण त्यात क्लोरीन असतं, आणि तांब्याचा अंश असला तर तो अपृष्ठवंशी प्राण्यांना फारच कमी प्रमाणातही विषारी ठरतो. याच कारणाने माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरचं तांबेयुक्त औषध अ‍ॅनिमोनच्या टाकीत कधीही टाकायचं नाही. मासा आजारी पडला तर तो उचलून वेगळ्या टाकीत न्यायचा.

मला थांबायचंय ते बाष्पीभवनाशी. इथे विज्ञानाचे विद्यार्थीही गडबडतात. टाकीतून उडून जातं ते पाणी; मीठ मागेच राहतं. समजा १०० लिटरची टाकी आहे आणि रोज दीड लिटर पाणी उडतंय. चार दिवसांत सहा लिटर गेलं. मीठ तेवढंच, पाणी ९४ लिटर, म्हणजे क्षारता ३५ वरून ३७ च्या वर. आता तुम्ही पातळी भरून काढायला खारं पाणी ओतलंत, तर १०० लिटर झालं खरं, पण क्षारता ३७ लाच राहिली. पुढच्या चार दिवसांनी हेच परत केलंत की ३९ च्या वर. महिन्याभरात काय होईल ते तुम्हीच वहीवर मांडून बघा. उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड्या आरओ-डीआय पाण्याने करायची, आणि तीही रोज थोडी थोडी. चार दिवसांनी सहा लिटर एकदम ओतलं तर सरासरी बरोबर येईल, पण प्राण्याला सरासरी कळत नाही. त्याला झटका कळतो.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. पुण्यात एप्रिल-मेमध्ये खोलीच ३५ अंशांच्या वर जाते. चिलर महाग, म्हणून लोक टाकीवर पंखा लावतात. पंखा चालतो, दोन-तीन अंश उतरतातही, पण उतरतात ते बाष्पीभवनामुळेच. म्हणजे तापमान सुधारलंत आणि क्षारता बिघडवायला घेतलीत. मुंबईत पावसाळ्यात हवाच ओली असते, तिथे पंख्याचा उपयोग आणखी कमी. एक चल सरळ केलं की दुसरं हलतं, हे प्रयोग आखताना जन्मभर भेटत राहणार आहे. टाकी ते स्वस्तात शिकवते.

मोजायच्या साधनाबद्दल एक सूचना. रिफ्रॅक्टोमीटर फक्त शुद्ध पाण्यावर शून्याला लावून निर्धास्त होऊ नका. शून्यावर बरोबर असलेलं यंत्र ३५ वर चुकीचं असू शकतं. ३५ चं प्रमाणित द्रावण मिळतं, त्यावर तपासा. ज्या पट्ट्यात मोजायचं, त्याच पट्ट्यात यंत्र तपासायचं. हा नियम पुढे स्पेक्ट्रोफोटोमीटरलाही लागू आहे.

घाई का नको

नवीन टाकीत पाणी भरलं की अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. समुद्री टाकीत अमोनियाची भीती जास्त, कारण पीएच जितका वर तितका विषारी, म्हणजे आयनरहित अमोनियाचा वाटा मोठा. पीएच एका अंकाने वाढला की हा वाटा जवळपास दहापट होतो. गोड्या पाण्याच्या टाकीत खपून जाणारी चूक ८.२ पीएचला खपत नाही.

पण सहा आठवड्यांनी चाचणीत शून्य दिसलं म्हणजे टाकी तयार, असं नाही. अनुभवी पाळणारे सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. कारण असं की पहिल्या काही महिन्यांत टाकीत आधी तपकिरी डायटम, मग हिरवं शेवाळ, मग आणखी काही, अशी एकामागून एक लाट येते आणि त्याबरोबर पोषकद्रव्यं वरखाली होत राहतात. चाचणी एका क्षणाचा आकडा सांगते. अ‍ॅनिमोनला हवा असतो तो आकड्यांमधला कमी चढउतार. तुमच्या वहीत तीन महिने रोज एका वेळी घेतलेले तापमान आणि क्षारतेचे आकडे असतील, आणि त्यांचा आलेख कंटाळवाणा सपाट असेल, तर आणा अ‍ॅनिमोन.

आणलात की थेंबाथेंबाने टाकीचं पाणी देत जुळवून घ्या, आणि दिवे मंद करून ठेवा. दुकानात तो किती उजेडात होता हे आपल्याला माहीत नसतं. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू उजेड वाढवायचा. शैवालाला निळा प्रकाश चांगला वापरता येतो, म्हणून समुद्री टाक्यांचे एलईडी निळसर दिसतात. 'भरपूर उजेड' ही मोजणी नव्हे. प्रकाशमापक विकत घेणं परवडत नसेल तर एका दिवसासाठी मागून आणा आणि टाकीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत मोजून नकाशा काढून ठेवा.

तो चालतो!

हे माहीत नसलेले फार जण भेटतात. अ‍ॅनिमोन त्याच्या पावलावर, म्हणजे तळाच्या चकतीवर, सरकतो. जागा पटली नाही तर रात्रीत फूटभर लांब जाईल. बबल-टिपला पाऊल खडकाच्या फटीत घट्ट रुतवायला आवडतं आणि स्पर्शिका उजेडात. तशी फट नसेल तर तो शोधत फिरतो, आणि फिरताना पॉवरहेडच्या तोंडाशी गेला की अक्षरशः किसला जातो. मग त्याचे तुकडे आणि दंशपेशी टाकीभर पसरतात आणि बाकीचे प्राणीही धोक्यात येतात. म्हणून पंपाच्या तोंडाला जाळी किंवा स्पंज आधी, अ‍ॅनिमोन नंतर. आणि तो फिरत असेल तर उचलून 'योग्य' जागी ठेवू नका. तो उजेड, प्रवाह आणि फट यांची तुमच्यापेक्षा बरी मोजणी करतोय. शिवाय पाऊल ओढून काढताना फाटलं तर जंतुसंसर्ग ठरलेला.

खाणं थोडंच. आठवड्यातून एक-दोनदा कोळंबीचा किंवा समुद्री माशाचा तुकडा, त्याच्या तोंडाहून लहान. मोठा तुकडा तो घेतो आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी अर्धवट पचलेला ओकतो. तेवढाच अमोनिया वाढला. क्लाउनफिश हवाच असं नाही. मासा असला तर त्याच्या उत्सर्जनातला अमोनिया आतल्या शैवालाला खत म्हणून मिळतो, हे खरं. पण माशाशिवायही अ‍ॅनिमोन छान जगतो. आणि गंमत म्हणजे दुकानातला नेहमीचा नारिंगी क्लाउनफिश, अ‍ॅम्फिप्रिऑन ओसेलॅरिस, समुद्रात बबल-टिपमध्ये राहतच नाही. टाकीत मात्र बऱ्याचदा जुळवून घेतो.

आता काळजी कधी करायची? दिवसातून एखाद्या वेळी तो चिंचोक्याएवढा आकसून बसेल. घाबरू नका, आतलं जुनं पाणी आणि मळ बाहेर टाकून तो परत फुगतो. पण तोंड सतत उघडं आणि बाहेर लोंबतंय, स्पर्शिका बोटाला किंवा चिमट्याला चिकटत नाहीत, पाऊल सुटून तो प्रवाहाबरोबर भरकटतोय, ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर त्याच दिवशी पाणी तपासा. आणि चिकट होऊन विरघळायला लागला, वास आला, तर लगेच बाहेर काढा. मेलेला अ‍ॅनिमोन काही तासांत अख्खी टाकी बिघडवतो.

एडिनबराची आजी

इतकी यंत्रं, इतके आकडे वाचून तुम्हाला वाटेल की हे एलईडीच्या जमान्यातलंच काम. तर ऐका. स्कॉटलंडमधल्या सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक लाल अ‍ॅनिमोन, अ‍ॅक्टिनिया इक्विना, उचलून एडिनबरात घरी काचेच्या भांड्यात ठेवला. १८५१ मध्ये डॅलिएल वारले. अ‍ॅनिमोन प्राध्यापक जॉन फ्लेमिंग यांच्याकडे गेला. १८५७ मध्ये तेही गेले. मग तो डॉ. जेम्स मॅकबेन यांच्याकडे, आणि त्यांच्यानंतर एडिनबराच्या शाही वनस्पती उद्यानात. लोक त्याला 'ग्रॅनी' म्हणजे आजी म्हणत. आजी १८८७ मध्ये वारली, आणि तिचा मृत्युलेख वर्तमानपत्रात आला. सांभाळणारे बदलत गेले, ५९ वर्षं प्राणी तोच.

तिच्याकडे हीटर नव्हता, चाचणीसंच नव्हता. काय होतं? थंड प्रदेशातली जात, आत झूझँथेली नाहीत म्हणून उजेडाची अट नाही, भांड्यात ती जवळपास एकटी, खाणं अगदी बेताचं, आणि नियमाने बदललेलं ताजं समुद्राचं पाणी. म्हणजे तिची जैविक गरज आणि तिला मिळालेली परिस्थिती जुळत होती. शिवाय डॅलिएल नोंदी ठेवत होते. तिने किती पिल्लं दिली हेसुद्धा मोजलेलं आहे. १८५७ मध्ये एका रात्रीत २३० दिली. अ‍ॅनिमोनना म्हातारपण येतं का, या प्रश्नावर आजही बोलताना आजीचा दाखला दिला जातो, तो केवळ कुणीतरी तारखा लिहून ठेवल्या म्हणून.

यातून टाकीपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्या प्राण्याला म्हातारपणाची घाई नाही, तो तुमच्या घरी वर्षभरात मेला तर ते 'आयुष्य संपलं' म्हणता येत नाही. आणि बाजारातले बरेच अ‍ॅनिमोन समुद्रातून काढलेले असतात. फिलिपिन्समध्ये सेबूजवळ झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जिथे मत्स्यालयांसाठी तोडणी चालते तिथे अ‍ॅनिमोन आणि क्लाउनफिश दोन्हींची घनता कमी आढळली होती. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: टाकीतच विभागून झालेला अ‍ॅनिमोन मिळत असेल तरच घ्या. बबल-टिप स्वतःला मधोमध चिरून दोन होतो, म्हणून असे मिळतात. मुंबईच्या किंवा कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला अ‍ॅनिमोन दिसले तर बघा, फोटो काढा, पण खरवडून आणू नका. आणि सजावटीसाठी प्रवाळ किंवा प्रवाळाचा 'लाइव्ह रॉक' तर नाहीच. आपल्याकडे प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. सिरॅमिकचे खडक मिळतात, ते चालतात.

हे संशोधन कधी होतं?

तुमच्या बबल-टिपचे आता पाच झालेत आणि तुम्हाला वाटतंय, पाचांवर प्रयोग करू. थांबा. ते पाचही एकाच प्राण्याचे क्लोन आहेत आणि एकाच पाण्यात आहेत. त्या टाकीचं तापमान वाढवून पाचही ब्लीच झाले, तर तुमच्याकडे पाच निरीक्षणं नाहीत, एक आहे. पाणी, दिवा, पंप, सगळं सामाईक. ब्लीचिंग तापमानाने झालं की त्या टाकीतल्या दुसऱ्या कशाने, हे वेगळं करता येत नाही. याला १९८४ मध्ये स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी स्यूडोरेप्लिकेशन असं नाव दिलं, आणि त्यानंतरही शोधनिबंध त्यात अडकत आलेत. मोजायचं एकक अ‍ॅनिमोन नाही, टाकी. पाच गरम आणि पाच साध्या अशा दहा वेगळ्या टाक्या, त्याही चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या, आणि एका पंपाला न जोडलेल्या. दिवाणखान्यात हे शक्य नाही, बरोबर.

म्हणूनच प्रयोगशाळांनी वेगळा प्राणी निवडला. टाकीवाले ज्याला शिव्या घालतात तो आयप्टेशिया, नवं नाव एक्झायप्टेशिया डायाफना. दिसायला काडीसारखा, तपकिरी. पावलाचा कण मागे राहिला तरी त्यातून नवा उगवतो. छंदवाल्याला जो दुर्गुण, तोच संशोधकाला गुण: एका वाटीत मावतो, एकाच क्लोनचे शेकडो मिळतात, शैवाल काढून टाकला तरी खाऊ घातल्यास जगतो आणि नंतर हवा तो शैवाल परत घालता येतो. प्रवाळ ब्लीच का होतात, याचा पेशीपातळीवरचा बराच अभ्यास या काडीवर चालतो. त्याचा जीनोम २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरा नेमॅटोस्टेला वेक्टेन्सिस, जीनोम २००७ चा. त्याच्यात शैवाल नसतो आणि त्याला समुद्राच्या साधारण एक तृतीयांश खारं पाणी लागतं. म्हणजे 'अ‍ॅनिमोनला ३५ क्षारता' हा वर दिलेला आकडाही जातीनुसार बदलतो. आकडा उचलण्याआधी जात वाचा.

दोघांचंही खाणं आर्टेमियाची ताजी पिल्लं. अंडी खाऱ्या पाण्यात, २६ ते २८ अंशांना, हवा आणि उजेड देऊन २४ तासांच्या आसपास फुटतात. फुटल्या फुटल्या घालायची, कारण तासागणिक त्यांच्यातला पिवळा साठा संपत जातो. हे काम रविवारीही असतं आणि दिवाळीतही. प्रयोगशाळेत रुजू होण्याआधी सुट्टीचं खाणं कोण घालतं, हे विचारून घ्या.

घरी टाकी असो वा नसो, वही आजपासून सुरू करता येईल. तारीख, वेळ, तापमान, क्षारता, किती पाणी भरलं, तोंड उघडं की मिटलेलं, पसरलेला असताना व्यास किती, काय खाल्लं, कुठे बसलाय. फोटो रोज त्याच जागेवरून, त्याच उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून. 'आज बरा दिसतोय' असं लिहू नका. 'व्यास ११ सेंटिमीटर, तोंड मिटलेलं, तुकडा लगेच धरला' असं लिहा.

आणि आयप्टेशियाची वाटी धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही. आधी उकळायचं, मग टाकायचं.